भाटखारच्या विहिरीवरचा निळा ड्रम

मित्रांनो, भाटखारच्या विहिरीवर जो जुना निळा ड्रम उभा असायचा, तो मी. आज मात्र मी विहिरीवर नाही. आज मी एका कारखान्याच्या फाटकासमोर, भर रस्त्यात उभा आहे. माझ्या गळ्यात झेंडूची एक वाळून गेलेली माळ आहे आणि मला भयंकर राग आला आहे. आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तू उसासे टाकतात, असे मी ऐकले आहे. मला उसासे टाकायचे नाहीत. मी मोठ्याने बोलणार आहे, तेव्हा जरा सावरून बसा.

माझा जन्म गरम साच्यात झाला. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये हवा फुंकली, मी फुगलो, थंड झालो आणि ड्रम म्हणून बाहेर आलो. माझ्या पोटावर पेला आणि काट्याची खूण आहे. खाण्यापिण्याच्या वस्तू माझ्यात ठेवाव्यात, असा तिचा अर्थ. त्या खुणेमुळे मला थेट या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये नोकरी मिळाली. होय, याच कारखान्याच्या! समोर दिसते आहे ना ती उंच भिंत, तिच्या आत माझी पहिली वर्षे गेली.

कॅन्टीनमध्ये माझ्यात पिण्याचे पाणी भरत. ते पाणी लांबून टँकरने येई. कारखान्याच्या आवारात बोअरवेल होती, पण तिचे पाणी कोणी पीत नसे. ते फरशा धुवायला वापरत. कारखान्याचे मोठे साहेब, यशोधन साहेब, जेवायला आले की बोटातली अंगठी माझ्या झाकणावर वाजवायचे आणि आचाऱ्याला विचारायचे, "टँकरचंच ना?" आचारी मान हलवी, मगच साहेब पेला तोंडाला लावत. मी नवा होतो. मला वाटे, केवढी ही स्वच्छतेची आवड! ही अंगठीची टकटक तुम्ही लक्षात ठेवा.

पुढे माझ्या झाकणाची कडी तुटली आणि मला मागच्या भंगारात टाकले. तिथून मला कारखान्याची पाठ दिसली. मित्रांनो, कारखान्याचे तोंड नेहमी रंगवलेले असते, त्याची पाठ बघावी. भिंतीतून एक जाड पाइप बाहेर आला होता. त्यातून कधी पिवळे, कधी हिरवट पाणी खालच्या नाल्यात पडे. नाल्याकाठचे गवत जळून गेले होते. त्या पाण्यात शिसे होते, क्रोमियम होते, कॅडमियम होते. या जड धातूंना वास नसतो, चवही नसते. ते पाण्यातून गुपचूप जातात आणि माणसाच्या हाडांत, रक्तात बिऱ्हाड करून बसतात. तो नाला वाहत वाहत भाटखारला जातो, हे साहेबांना माहीत नव्हते असे मला कोणी सांगू नये.

भाटखार हे खारेपाटातले गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरे, मध्ये भातशेती. कुठेही खणले तरी खारट पाणी लागते. गोड पाण्याची विहीर एकच, आणि ती नेमकी त्या नाल्याच्या कडेला. नळ आहेत, नळांना पाणी नाही. गावातला निकेश टेम्पो चालवतो. कारखान्याचे भंगार तो उचलायचा, त्यात मलाही घरी घेऊन आला. त्याच्या आईने, कमळने, मला घासूनपुसून ओसरीवर ठेवले आणि माझ्यात तांदूळ भरले. घर चांगले होते. निकेशचे वडील दिनानाथ गावचे सरपंच. बायको कल्पिता उरणकडची, हसरी, बोलकी पोर.

मग एक दिवस त्या घरातले हसणे बंद झाले. कल्पिताचे पहिले बाळ पोटातच गेले. सातव्या महिन्यात गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारले, "पाणी कुठलं पिता?" विहिरीचे, असे सांगितल्यावर ते म्हणाले की पाण्यामुळे झाले असेल किंवा नसेल, खात्रीने काही सांगता येत नाही. खात्रीने सांगता येत नाही! कारखान्यांना हे वाक्य फार आवडते. या एका वाक्याच्या आडोशाला ते वर्षानुवर्षे निवांत झोपतात.

त्याच सुमारास आश्लेषा गावात आली. ती मुरुडची, तिच्या घरची नारळ-सुपारीची वाडी आहे. मुंबईच्या एका कॉलेजात ती जिवाणूंवर संशोधन करत होती आणि खाडीकाठच्या विहिरींचे पाणी तपासत होती. भाटखारच्या विहिरीत शिसे निघाले. गावाने ऐकले, हळहळ केली आणि तेच पाणी पुन्हा भरले, कारण दुसरे पाणी नव्हतेच. आश्लेषाला ते बघवेना. कमळच्या ओसरीवर तिने माझ्या पोटावरची पेला-काट्याची खूण पाहिली आणि म्हणाली, "काकी, हा ड्रम मला द्या. याचंच गाळण करू."

तेव्हा माझा खरा जन्म झाला. मुरुडच्या वाडीतल्या नारळाच्या करवंट्या जाळून तिने कोळसा केला आणि पोती भरून एसटीने आणला. करवंटीच्या कोळशाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. पाण्यातले धातू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. पण नुसता कोळसा पुरत नाही. म्हणून आश्लेषाने कारखान्याच्या पाइपाखालचा चिखल बाटलीत भरून नेला. जिथे बेडूकसुद्धा जगत नव्हता, तिथे काही जिवाणू मजेत जगत होते. तिने त्यांना प्रयोगशाळेत वाढवले आणि माझ्यातल्या कोळशावर सोडले. थोड्याच दिवसांत कोळशाच्या प्रत्येक तुकड्यावर त्यांचा बुळबुळीत थर चढला. त्या चिकट थरात शिसे येऊन अडके. वरून विहिरीचे पाणी ओतायचे आणि खालच्या तोटीतून स्वच्छ पाणी घ्यायचे. मला विहिरीच्या कठड्याशी उभे केले. आश्लेषाने पुन्हा पुन्हा पाणी तपासले. शिसे जवळजवळ नाहीसे झाले होते.

मित्रांनो, ते माझ्या अभिमानाचे दिवस होते. पोटात कोट्यवधी भाडेकरू आणि दारात कळशी घेऊन आलेल्या बायका! भाडेकरूंना खाऊ लागतो, म्हणून कमळ अधूनमधून माझ्यात थोडे गुळाचे पाणी ओतायची. ओतताना माझ्याशी बोलायची. "खावा रं पोरांनो. माझे सुनेचं पानी नीट गाला." तिने माझा इतका लळा लावून घेतला की सुट्टीला आलेली पाहुण्यांची पोरे माझ्यावर चढली, तर त्यांच्या पाठीत धपाटा बसे.

याच लोभाच्या दिवसांत एक चूक झाली आणि ती आश्लेषाने केली. एकदा कमळने तिला विचारले, "बाय, ही जित्राबं करतात तरी काय?" आश्लेषाला घाई होती, एसटी सुटत होती. ती हसून म्हणाली, "विष खातात काकी, विष खातात." आणि गेली.

खोटे! साफ खोटे! शिसे कोणी खाऊ शकत नाही. शिसे जळत नाही, कुजत नाही, पचत नाही. माझे भाडेकरू त्याला फक्त धरून ठेवत होते, कोळसाही धरून ठेवत होता. गावाचे सगळे विष माझ्या पोटात साठत चालले होते. कोळसा भरला की तो बंद डब्यात घालून घातक कचऱ्याच्या ठिकाणी पोचवायला हवा होता. आश्लेषाला हे पक्के ठाऊक होते. "कोळसा मी येऊन बदलेन," एवढेच ती सांगून गेली. का बदलायचा, कुठे न्यायचा, हे सांगायचे राहिले. शहाण्या माणसांना वाटते, खेड्यातल्या माणसांना सोपे करून सांगावे. सोपे करा, जरूर करा, पण अर्धवट सांगू नका! पुढे तिचा प्रकल्प संपला, तिला हैदराबादला नोकरी लागली आणि कोळसा माझ्यातच राहिला.

कल्पिताला पुन्हा दिवस गेले. घरात आनंद आणि भीती एकदमच आली. कमळ तिला माझ्या तोटीचेच पाणी देई, दुसरीकडचा घोटही घेऊ देत नसे. या वेळी बाळ नीट घरी यायलाच हवे, एवढेच त्या घराला हवे होते. मलाही दुसरे काही नको होते.

आणि अशा वेळी गावावर स्वच्छतेची स्पर्धा येऊन कोसळली. तालुक्याची तपासणी समिती येणार होती आणि प्रमुख पाहुणे म्हणून यशोधन साहेब, कारण बक्षिसाची ढाल कारखान्याने दिली होती. भाटखारमध्ये एकच धांदल उडाली. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारले. गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा डालग्याखाली झाकल्या. दिनानाथ माझ्यापाशी आले, झाकण उघडून आत डोकावले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"ह्यो काय शेवाल! पाहुणे येनार आनि ही घान?"

कमळ म्हणाली, "अवो, त्याच्यान औषद हाय. बाय सांगून गेलीय."

"बाय गेली हैदराबादला. समितीने झाकन उघारलं तर आपली नाचक्की. सगला काढा बाहेर."

दोन गड्यांनी मला आडवा केला. माझे भाडेकरू, ज्यांनी इतके दिवस गावाचे विष अंगावर धरले, त्यांना फावड्याने ओढून काढले. मग मला ब्लीचिंग पावडरने आतून खसाखसा घासले. कोपऱ्यात कुठे एखादा जिवाणू उरला असेल, तर तोही मेला. आत नदीतले पांढरेशुभ्र गोटे भरले. बाहेरून निळा रंग दिला आणि वर लिहिले, 'शुद्ध पाणी'. मी ओरडत होतो, पण ड्रमचे ओरडणे कोण ऐकतो?

बाहेर काढलेला कोळसा ढीग करून पडला होता. आमच्या खारेपाटात राख आणि कोळसा कोणी वाया घालवत नाही. झाडाच्या मुळाशी घातला की झाड तरारते, हे लहान पोरालाही माहीत असते. त्यात हा कोळसा गूळ खाल्लेला! कमळने विचार केला. जित्राबांनी विष खाल्ले, म्हणजे विष संपले. आता उरले ते नुसते खत. तिने टोपल्या भरभरून तो कोळसा नेला आणि विहिरीच्या सांडपाण्यावर तिचा जो अळवाचा वाफा होता, त्यात पसरून टाकला. जे तिला सांगितले होते, त्यावरून तिने काढलेला अर्थ अगदी बरोबर होता. म्हणून तर माझ्या तळाची आग मस्तकात जाते!

पाहुणे आले. यशोधन साहेबांनी मला झेंडूची माळ घातली. फोटोसाठी त्यांच्या हातात माझ्या पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला, छान हसले, फोटो निघाला आणि पेला जसाच्या तसा खाली ठेवला. टाळ्या वाजत होत्या, त्यामुळे ते का, हे कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या आले. ते गेल्यावर कमळने तो भरलेला पेला उचलला आणि "पाहुन्याचं उष्टं न्हाय, चांगलं हाय," म्हणत कल्पिताला दिला. ती प्यायली. त्यानंतर ती रोज तेच पाणी पीत राहिली.

भाटखारला दुसरा नंबर मिळाला. ढाल दिनानाथांच्या ओसरीवर लागली. आणि विहिरीवरच्या वाफ्यात अळू असे माजले की एकेक पान सुपाएवढे झाले.

सातव्या महिन्यात कल्पिताचे डोहाळजेवण ठरले. मागच्या वेळी हा महिना घात करून गेला होता, म्हणून या वेळी कमळने सगळा गाव बोलावला. आश्लेषालाही फोन करून आग्रहाने बोलावले. विहिरीजवळच मांडव घातला होता, त्यामुळे मला सगळे दिसत होते. कल्पिता हिरवी साडी नेसून, फुलांच्या दागिन्यांत पाटावर बसली होती. बायका गाणी म्हणत होत्या. समोरच्या ताटात कमळने स्वतः केलेल्या अळूवड्या होत्या, खोबरे भुरभुरलेल्या.

आश्लेषा उशिरा पोचली. ती आधी माझ्यापाशी आली. माझा नवा रंग, गळ्यातली माळ बघून खूश झाली. मग तिने झाकण उघडले. पांढरे गोटे बघून तिचा चेहरा उतरला. कमळ हात पुसत तिच्या स्वागताला आली.

"काकी, आतला कोळसा कुठे गेला?"

"ता व्हय? अळवान घातला!" कमळ कौतुकाने म्हणाली. "बग कसा माजलाय. आज त्याच्याच वड्या क्येल्यान पोरीला."

आश्लेषा धावली. कल्पिताने वडी उचलून तोंडाजवळ नेली होती. आश्लेषाने तिच्या हातातून ती हिसकून घेतली आणि समोरचे ताट ओढून बाजूला केले. गाणी थांबली. डोहाळजेवणाला गरोदर बाईच्या पुढचे ताट ओढायचे! मांडवातल्या म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. कमळ पुढे आली.

"माझे सुनेचे तोंडचा घास कारतंस? कोन तू? चालती हो माझे दारातनं!"

"काकी, त्या कोळशात सगळं शिसं आहे. विहिरीतलं दोन वर्षांचं. ते अळवात आलं असणार. आधी कधी खाल्लं तिने हे अळू?"

कमळ ताटाकडे बघत म्हणाली, "फदफदा केलाता. दोनदा. तिला डोहालेच अळवाचे..." मग तिला एकदम आठवले आणि ती उसळली, "अगो, तूच बोल्लीस ना, जित्राबं विष खातात? खाल्लेलं परत येतं व्हय?"

आश्लेषा रडायला लागली. "खात नाहीत. धरून ठेवतात फक्त. मी नीट सांगायला हवं होतं."

"मंग सांगितलं का न्हाय? आमी काय अक्कल गहान टाकलीय? न्हाय समजलं असतं तर पुन्यांदा विचारलं असतं!"

कमळ वळली ती थेट नवऱ्याकडे. "आनि तुमाला ढाल पायजे व्हती!" दिनानाथ मान खाली घालून उभे राहिले. गावासमोर मान खाली घातलेला सरपंच मी पहिल्यांदाच बघितला.

मला वाटले, आता सगळे एकमेकांना दोष देत बसतील आणि ज्याचा खरा दोष तो नाल्याच्या वरच्या अंगाला, कारखान्यात आरामात जेवत असेल. पण कल्पिता पाटावरून उठली. एक हात पोटावर ठेवून ती शांतपणे म्हणाली, "ताट टाकू नका. आई, झाका ते." मग नवऱ्याला म्हणाली, "टेम्पो काढ. आधी दवाखान्यात रक्त तपासायला जायचं. पण जाताना वाटेत कारखाना लागतो, तिथं थांबायचं. ड्रम पण घे."

अशी माझी वरात निघाली. निकेशच्या टेम्पोत मी, कल्पिता, कमळ, आश्लेषा, आणि मागून दुसऱ्या टेम्पोत गावच्या बायका, डोहाळजेवणाच्या साड्या नेसलेल्या. दिनानाथ मागे मोटारसायकलवर. फाटकावर मला उतरवले. माझ्या झाकणावर ते ताट ठेवले. तेवढ्यात साहेबांची गाडी आतून बाहेर येत होती, ती थांबली. माझ्या गळ्यातली माळ त्यांनी ओळखली असावी. बायकांचा घोळका आणि फुलांनी सजलेली कल्पिता बघून ते हसत खाली उतरले.

"साहेब, डोहाळजेवण आहे माझं," कल्पिता म्हणाली. "तुम्ही आमच्या गावचे पाहुणे. तुमच्याशिवाय कसं जेवायचं? घ्या."

बायकांनी मोबाइल वर धरले होते. साहेबांना मोबाइल दिसला की हसायची सवय आहे. त्यांनी एक अळूवडी उचलली. "वा! अळू कुठलं?"

"आमच्याच वाफ्यातलं," कल्पिता म्हणाली. "भाटखारच्या विहिरीवरचं."

साहेबांचा हात तोंडापाशी थांबला. मित्रांनो, शिशाविषयी त्यांना कोणी एक शब्दही सांगितला नव्हता. कोळशाविषयी सांगितले नव्हते. फक्त विहिरीचे नाव घेतले होते. त्यांनी ती वडी हळूच ताटात परत ठेवली आणि बोटे रुमालाला पुसली. रुमाल खिशात टाकताना अंगठी माझ्या झाकणाला लागली. टक् असा आवाज झाला.

"मला अळू चालत नाही," ते म्हणाले. "घसा खवखवतो."

"मी तिथलं पाणी रोज पिते, साहेब," कल्पिता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. साहेब गाडीत बसले आणि गाडी उलटी फिरून आत गेली. फाटक बंद झाले.

कल्पिता दवाखान्यात गेली आहे. आश्लेषा तिच्यासोबत आहे. ती नोकरीवर रजा टाकून राहणार आहे आणि वाफ्यातली माती, अळू, सगळे बंद डब्यात भरणार आहे. मग पुन्हा चिखल, पुन्हा कोळसा, पुन्हा जिवाणू. या वेळी कमळने तिला बजावले आहे, "सगला सांग. अर्दा न्हाय." रक्तात शिसे किती निघेल, बाळ कसे असेल, मला माहीत नाही. दवाखान्याच्या वाटेवर बाळाने लाथ मारली, असे निकेशने फोनवर सांगितले. कमळने ते रस्त्यातच सगळ्या बायकांना ओरडून सांगितले.

अशा कहाणीच्या शेवटी वस्तूने हात जोडायचे असतात आणि माझी काळजी घ्या म्हणायचे असते. मी म्हणणार नाही. मला हातच नाहीत आणि काळजी माझी घ्यायची नाहीच. तुमच्या गावात माझ्यासारखा ड्रम दिसला, तर त्याला रंग देऊ नका आणि माळ घालू नका. आत काय साठते आहे, ते कुठे जाणार आहे आणि ते आले कुठून, हे विचारा. नीट उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. माझे भाडेकरू विष धरून ठेवू शकतात. ते सोडणाऱ्याचा हात तुम्हालाच धरावा लागेल.

बायका अजून फाटकासमोर बसल्या आहेत. कमळने ताट पदराने झाकले आहे, माश्या बसू नयेत म्हणून. घरी जायची वेळ झाली की साहेबांना बाहेर यावेच लागेल. ताट माझ्या झाकणावर मांडलेलेच आहे.